विश्लेषण : सूर्यकिरणावरून टेलिफोन! ग्रॅहॅम बेल यांचा सर्वात लाडका शोध मागे का पडला?

फेब्रुवारी १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या आयुष्यात दोन गोष्टी चार दिवसांच्या अंतराने घडल्या. १५ तारखेला त्यांना दुसरी मुलगी झाली. १९ तारखेला त्यांच्या वॉशिंग्टनमधील प्रयोगशाळेत माणसाचा आवाज उजेडाच्या झोतावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. मधे तार नव्हती. या यंत्राला बेल यांनी फोटोफोन असे नाव दिले आणि आनंदाच्या भरात मुलीचेही तेच नाव ठेवू या, असा आग्रह पत्नीकडे धरला. मेबल बेल यांनी तो मोडून काढला. मुलीचे नाव मॅरियन ठेवले गेले, घरात ती डेझी झाली.

टेलिफोनचे जनक म्हणून बेल यांचे नाव शाळेच्या पुस्तकापासून आपल्याला माहीत असते. फोटोफोन मात्र फारसा कुणाला आठवत नाही. खुद्द बेल यांना हा शोध टेलिफोनपेक्षा मोठा वाटत होता आणि उतारवयातही त्यांचे हे मत बदलले नाही. आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी लेझर पेन, एक फोटोट्रान्झिस्टर आणि दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेऊन एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर वायरशिवाय सीरियल डेटा पाठवतात. त्या प्रयोगाचे मूळही याच यंत्रात आहे. मग ज्याला शोधकर्त्याने सर्वात वरचे स्थान दिले, तो शोध त्याच्या हयातीत बाजारात का आला नाही? आणि बेल यांचा अंदाज चुकला होता का?

आवाजाचा धंदा असलेले घर

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही उच्चार शिकवणारे. वडील मेलव्हिल बेल यांनी ‘व्हिजिबल स्पीच’ नावाची चिन्हलिपी तयार केली होती. ओठ, जीभ आणि घसा कोणत्या स्थितीत असताना कोणता ध्वनी उमटतो, हे त्या चिन्हांतून दिसायचे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी वर्णमाला पाठ करून मोठे झालेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. इंग्रजीच्या लिपीत मात्र उच्चाराची अशी शिस्त नाही, त्यामुळे तिकडे तिचे अप्रूप होते.

आई एलायझा यांना फार कमी ऐकू यायचे. इतर लोक त्यांच्या कर्णनळीत मोठ्याने बोलत. धाकटा अलेक्झांडर मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या पट्टीत बोलायचा, म्हणजे कंपने हाडांतून पोहोचतील. आवाज म्हणजे शेवटी कंपने, आणि कंपने कशावरूनही नेता येतात, हे त्याला पुस्तकाआधी घरातच कळले असावे.

१८६७ मध्ये एक भाऊ क्षयाने गेला, १८७० मध्ये दुसराही. उरलेल्या एकुलत्या मुलाला घेऊन आईवडिलांनी स्कॉटलंड-इंग्लंड सोडले आणि कॅनडातील ब्रँटफर्ड गाठले. १८७१ मध्ये बेल बोस्टनला कर्णबधिर मुलांना शिकवायला गेले. तिथेच त्यांची मेबल हबर्ड यांच्याशी ओळख झाली. मेबल पाच वर्षांच्या असताना स्कार्लेट तापाने त्यांची श्रवणशक्ती पूर्ण गेली होती. आधी विद्यार्थिनी, मग वाग्दत्त वधू आणि जुलै १८७७ मध्ये पत्नी. ज्या दोन स्त्रियांवर बेल यांचा सर्वाधिक जीव होता, त्यातल्या एकीला टेलिफोन जेमतेम आणि दुसरीला अजिबात ऐकू येणार नव्हता.

टेलिफोनची गोष्ट थोडक्यात आटोपू. ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळाले, तीन दिवसांनी शेजारच्या खोलीतील सहायक थॉमस वॉटसन यांना तारेवरून बेल यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. पुढे हक्कावरून वर्षानुवर्षे खटले चालले. १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेल यांच्या बाजूने निकाल दिला. भारतात, कोलकाता आणि मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज जानेवारी १८८२ मध्येच सुरू झाले, इतका हा शोध झपाट्याने पसरला. वयाच्या तिशीत बेल जगप्रसिद्ध होते, पैशाची चिंता मिटली होती. कंपनी चालवण्यात त्यांना रस नव्हता. त्यांना प्रयोगशाळेत परत जायचे होते.

उजेड ‘ऐकण्याची’ कल्पना कुठून आली?

समुद्राखालच्या तारांतून. १८७३ मध्ये इंग्लंडमधील विलोबी स्मिथ हे अभियंते समुद्री केबलची चाचणी घेण्यासाठी जास्त विद्युतरोध असलेला पदार्थ शोधत होते. त्यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. पण मोजमाप दर वेळी वेगळे येई. कारण सापडले ते असे : कांड्यांवर उजेड पडला की त्यांचा रोध कमी होतो, पेटीचे झाकण लावले की वाढतो. म्हणजे उजेडाच्या प्रमाणात विजेला वाट देणारा पदार्थ हाती आला. फोटोडायोडपासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापर्यंत उजेडाचे विजेत रूपांतर करणाऱ्या सगळ्या उपकरणांच्या इतिहासात ही नोंद अगदी सुरुवातीला येते.

लग्नानंतर बेल दाम्पत्य इंग्लंडला गेले होते. १८७८ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात बेल यांनी सेलेनियमवर पडणारी सावलीसुद्धा कानाने ऐकता येईल, अशी शक्यता मांडली. त्यांचा मुद्दा साधा होता. तोवर सेलेनियमवरचा परिणाम गॅल्व्हानोमीटरची सुई पाहून मोजला जाई. सुई जड, ती सेकंदाला शेकडो वेळा हलू शकत नाही. टेलिफोनचा रिसीव्हर मात्र विद्युतप्रवाहातल्या अतिशय वेगवान आणि अतिशय बारीक बदलांनाही कंप पावतो. तेव्हा सुई काढा, तिथे रिसीव्हर लावा. उजेड भराभर कमी-जास्त झाला तर प्रवाह तसाच कमी-जास्त होईल आणि तो बदल आवाज म्हणून ऐकू येईल.

हे प्रत्यक्षात आणायला हात हवे होते. ते चार्ल्स समनर टेंटर यांचे. पंचविशीतला हा उपकरण बनवणारा कारागीर १८७९ मध्ये वॉशिंग्टनच्या एल स्ट्रीटवरील १३२५ क्रमांकाच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. फोटोफोनचे श्रेय सांगताना टेंटर यांचे नाव बहुतेकदा गळते, हे बरोबर नाही. सेलेनियमचा रोध मुळात इतका प्रचंड, की टेलिफोनच्या मंडलात तो निरुपयोगी. त्यावर या दोघांनी काढलेला तोडगा कारागिरीचा नमुना आहे. पितळेच्या आणि अभ्रकाच्या चकत्या एकाआड एक रचायच्या, अभ्रकाची चकती थोडी लहान ठेवायची आणि कडेने उरलेल्या खाचेत सेलेनियम भरायचे. पितळेच्या चकत्या एकाआड एक बॅटरीच्या दोन टोकांना जोडायच्या. सेलेनियमचा थर पातळ आणि क्षेत्रफळ मोठे झाल्याने रोध कामापुरता खाली आला.

फोटोफोन कसा चालत असे?

बोलण्याच्या टोकाला बॅटरी नाही, वीज नाही. सूर्याचा उजेड आरशाने पकडायचा, भिंगाने एकवटायचा आणि एका अतिशय पातळ, चांदीचा मुलामा दिलेल्या आरशावर पाडायचा. त्या आरशाच्या पाठीमागे नळीतून बोलायचे. आवाजाच्या लहरींनी आरसा क्षणात बाहेर फुगतो, क्षणात आत जातो. फुगला की परावर्तित झोत फाकतो, आत गेला की एकवटतो. परिणामी दूरच्या टोकाला पोहोचणारा उजेड बोलण्याच्या तालावर कमी-जास्त होत राहतो.

ऐकण्याच्या टोकाला डिश अँटेनासारखा खोलगट आरसा. तो आलेला झोत गोळा करून सेलेनियमवर पाडतो. सेलेनियम, बॅटरी आणि टेलिफोनचा रिसीव्हर एकाच मंडलात. कानाला रिसीव्हर लावायचा आणि ऐकायचे.

फेब्रुवारीतील पहिल्या यशात हा लवचिक आरसा नव्हता. तिथे बारीक फटी असलेल्या दोन जाळ्या एकमेकींसमोर होत्या आणि बोलण्याने एक जाळी हलून उजेड कमी-जास्त अडत होता. उजेडावर आवाज चढवण्याचे सुमारे ५० प्रकार या जोडीने तयार केले. त्यातला आरसा सर्वात सोपा आणि सर्वात चांगला ठरला. पहिल्या यशानंतर बेल यांनी वडिलांना पत्र लिहिले. सूर्यकिरणाचे हसणे आणि खोकणे आपण ऐकले, अशा थाटातले ते पत्र वाचताना ३२ वर्षांचा जगप्रसिद्ध माणूस लहान मुलासारखा उड्या मारतोय, असे वाटते.

२१३ मीटर आणि एक टोपी

खरी परीक्षा प्रयोगशाळेबाहेर होती. त्याच वर्षी टेंटर यंत्र घेऊन वॉशिंग्टनच्या फ्रँकलिन स्कूलच्या माथ्यावर गेले. बेल आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसले. अंतर २१३ मीटर. टेंटर यांनी यंत्रात बोलून बेल यांना सांगितले की, ऐकू येत असेल तर खिडकीशी या आणि टोपी हलवा. बेल यांनी टोपी हलवली.

त्या शाळेवर लागलेल्या फलकावर ३ जून १८८० ही तारीख आहे आणि जगातील पहिला बिनतारी टेलिफोन संदेश येथून गेला, अशी नोंद आहे. हर्ट्झ यांनी रेडिओलहरी प्रयोगशाळेत दाखवल्या त्या यानंतर सात-आठ वर्षांनी. मार्कोनी यांचे काम तर १८९० च्या दशकातले. म्हणजे माणसाचा आवाज तारेशिवाय पहिल्यांदा गेला तो रेडिओवरून नव्हे, उजेडावरून.

आधी उजेडाने संदेश जातच नव्हते का? जात होते. हेन्री मान्स यांनी १८६९ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराचीत असताना हेलिओग्राफ तयार केला. आरशाने सूर्याची तिरीप दूरवर पाडायची आणि ती उघडझाप करून मोर्सचे ठिपके व रेघा पाठवायच्या. दुसऱ्या अफगाण युद्धात ब्रिटिश फौजांनी तो वापरला. फरक असा की हेलिओग्राफमध्ये उजेड फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’, आणि वाचणारा माणसाचा डोळा. फोटोफोनमध्ये उजेड सतत कमी-जास्त होणारा, आणि वाचणारे यंत्र. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग घोडे अडले कुठे?

२७ ऑगस्ट १८८० रोजी बोस्टनमध्ये अमेरिकी विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात बेल यांनी फोटोफोन जाहीर केला. तीनच दिवसांत न्यूयॉर्कच्या एका बड्या दैनिकाने संपादकीयातून टर उडवली : आता तारेऐवजी सूर्यकिरणांची भेंडोळी खांद्यावर घेऊन माणसे खांबाखांबांवर चढणार का, असा त्याचा सूर. डिसेंबरमध्ये पेटंट मिळाले, हक्क टेलिफोन कंपनीकडे गेले आणि तिथेच पडून राहिले.

टिंगल सोडा, अडचणी खऱ्या होत्या. ढग आला की संभाषण बंद. रात्री सूर्य नाही, आणि दिव्याचा उजेड जवळच्या अंतरापुरता. धुके, पाऊस, बर्फ यांतून झोत जात नाही. दोन टोके एकमेकांना सरळ दिसली पाहिजेत.

आणखी एक अडचण भूमितीची. आकाशात सूर्य सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सपाट आरशाने परतवलेला सूर्याचा झोत कितीही नीट नेम धरला तरी फाकतोच. २१३ मीटरवर तो साधारण दोन मीटर रुंद होतो. अंतर दुप्पट केले की झोताची रुंदी दुप्पट आणि हाती लागणारा उजेड पावपट. किलोमीटरवर काय उरेल याचा हिशेब करायला इंजिनीअर असावे लागत नाही.

दुसरीकडे तांब्याची तार स्वस्त होती, कोपऱ्यावर वळत होती आणि पावसातही बोलत होती. कंपनीच्या जागी कुणीही असते तरी तारच निवडली असती. माझ्या मते बेल यांची चूक इतकीच, की त्यांनी तत्त्व आणि यंत्र यांत फरक केला नाही. तत्त्व अव्वल होते. त्याला लागणारा दिवा आणि त्याला लागणारा रस्ता, दोन्ही अजून जगात नव्हते.

याच प्रयोगांतून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. तुटक-तुटक उजेड कडक रबरासारख्या पातळ चकतीवर पाडला, तर ती चकती स्वतःच गुणगुणते. बॅटरी नको, सेलेनियम नको. काजळी लावलेला पृष्ठभाग तर सर्वात मोठ्याने बोलतो. उजेड शोषल्याने पदार्थ क्षणभर तापतो, प्रसरण पावतो, पुन्हा निवतो, आणि त्यातून आवाज निघतो. याला आज प्रकाशध्वनी परिणाम म्हणतात. शरीरातील रक्तवाहिन्यांची प्रतिमा घेण्याचे एक आधुनिक तंत्र याच परिणामावर उभे आहे.

फोटोफोननंतरचे बेल

१८८० मध्येच फ्रान्स सरकारने टेलिफोनसाठी बेल यांना ५० हजार फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक दिले. त्या पैशातून त्यांनी चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि टेंटर यांच्यासह व्होल्टा प्रयोगशाळा काढली. फोनोग्राफची सुधारलेली आवृत्ती तिथून बाहेर पडली.

१८८१ चा उन्हाळा मात्र वाईट गेला. २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शरीरात रुतलेली गोळी सापडेना. बेल यांनी धातू शोधणारे यंत्र घाईघाईने तयार केले आणि ते व्हाइट हाउसमध्ये नेले. पण पलंगाच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या आणि मुख्य डॉक्टरांनी शरीराच्या उजव्याच बाजूला शोध घेऊ दिला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. त्याआधी ऑगस्टमध्ये बेल दाम्पत्याला अपुऱ्या दिवसांचा मुलगा झाला. त्याला श्वास घेता येईना आणि तो काही तासांतच गेला. त्यानंतर बेल यांनी छातीभोवती हवेचा दाब कमी-जास्त करून श्वास चालू ठेवणारे धातूचे जाकीट तयार केले. पुढच्या काळातील आयर्न लंगचे ते पूर्वरूप. दोन वर्षांनी दुसरा मुलगाही जन्मताच दगावला.

बेल यांच्या आयुष्याची एक बाजू वादग्रस्त आहे आणि ती टाळून चरित्र सांगता येत नाही. कर्णबधिर मुलांनी ओठ वाचून तोंडाने बोलायलाच शिकले पाहिजे, खुणांची भाषा शाळेतून हद्दपार व्हावी, असा त्यांचा आयुष्यभर आग्रह होता. १८८३ मध्ये त्यांनी नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेससमोर निबंध वाचला. कर्णबधिरांनी आपसात लग्ने केली तर कर्णबधिर माणसांचा वेगळा वाण तयार होईल, अशी भीती त्यात होती. कर्णबधिर समाजात आजही बेल यांचे नाव रागाने घेतले जाते ते यामुळे. त्याच बेल यांच्याकडे हेलन केलर यांचे वडील सल्ल्यासाठी आले होते. हेलन यांना शिक्षिका मिळण्याचा मार्ग त्यांनीच दाखवला आणि हेलन यांनी आपले आत्मचरित्र त्यांना अर्पण केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पुढची वर्षे कॅनडातील नोव्हा स्कॉशियात, बॅडेक गावाजवळच्या बेन व्ह्रिया या घरी पतंग, विमाने आणि पाण्यावर उचलून धावणाऱ्या होड्या बनवण्यात गेली. त्यांच्या गटाच्या ‘सिल्व्हर डार्ट’ने फेब्रुवारी १९०९ मध्ये कॅनडातील पहिले विमानोड्डाण केले. १९१९ मध्ये त्यांच्या एचडी-४ होडीने ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा जागतिक विक्रम नोंदवला. तेव्हा बेल ७२ वर्षांचे होते. २ ऑगस्ट १९२२ रोजी याच घरी त्यांचे निधन झाले. दोन दिवसांनी अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले.

दिवा मिळाला, रस्ताही मिळाला

बेल यांच्यानंतर उजेडावरचे बोलणे अधूनमधून डोके वर काढत राहिले. त्यांच्या हयातीतच बर्लिनमध्ये अर्न्स्ट रूमर यांनी प्रखर विद्युतदिवा आणि सुधारित सेलेनियम घेऊन तलावावर काही किलोमीटरपर्यंत बोलून दाखवले होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याकडे अशी यंत्रे होती, कारण रेडिओ शत्रू ऐकू शकतो, अरुंद झोत नाही.

खरा बदल १६ मे १९६० रोजी झाला. अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवला. बेल यांना हवा असलेला, न फाकणारा झोत देणारा दिवा तो हाच. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी शुद्ध काचेच्या तंतूतून उजेड दूरवर नेता येईल, हे मांडले. ढग, धुके आणि कोपरे यांचा प्रश्न त्याने मिटवला. १९८८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली फायबर केबल सुरू झाली. घरातल्या फायबर राउटरमधून येणारा व्हिडिओ म्हणजे उजेडावर चढवलेली माहितीच असते.

उघड्या हवेतला झोतही परत आला आहे. मध्य आफ्रिकेत काँगो नदीच्या दोन काठांवरील ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरे एकमेकांना दिसतात, पण नदी इतकी खोल आणि वेगवान की केबल शेकडो किलोमीटर फिरून न्यावी लागते. तिथे २०२१ मध्ये गुगलच्या मूळ कंपनीच्या ‘तारा’ प्रकल्पाने ४.८ किलोमीटरवर प्रकाशझोताचा दुवा बसवला. कंपनीच्या माहितीनुसार २० दिवसांत त्यावरून सुमारे ७०० टेराबाइट डेटा गेला. पृथ्वीभोवती फिरणारे इंटरनेट उपग्रहही आता एकमेकांशी लेझरने बोलतात. डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या सायकी यानाने सुमारे ३.१ कोटी किलोमीटरवरून लेझरने एका मांजरीचा व्हिडिओ पृथ्वीवर पाठवला.

घरी हा प्रयोग कसा होतो?

सामान फार लागत नाही. लाल रंगाचे ५ मिलिवॅटपर्यंतचे लेझर मॉड्यूल, एक फोटोट्रान्झिस्टर किंवा फोटोडायोड, एक तुलनित्र म्हणजे कम्पॅरेटर आयसी, दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि हलणार नाहीत असे दोन स्टँड.

आता हेलिओग्राफ आठवा. घरगुती लेझर दुवा पाठवण्याच्या टोकाला हेलिओग्राफसारखा वागतो : उजेड आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. ऐकण्याच्या टोकाला तो फोटोफोनसारखा वागतो : उजेडाने रोध बदलणारा घटक, बॅटरी आणि मंडल.

बोर्डाची सीरियल पिन काही पाठवत नसताना ‘उच्च’ असते, म्हणजे लेझर सतत चालू. अक्षर पाठवताना आधी एक ० जातो, हा सुरुवातीचा बिट. झोत विझला की समोरचा बोर्ड सावध होतो. मग आठ बिट, शेवटी एक १. एकूण दहा बिट. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. ‘नमस्कार’मध्ये काना आणि हलन्त धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट, म्हणजे २१० बिट. सुमारे २२ मिलिसेकंदांत नमस्कार पोहोचतो.

दोन्ही बोर्डांत सामाईक घड्याळ नसते. म्हणून दोन्हीकडे बॉड एकच ठेवावा लागतो. पिनवर थेट लेझर चालवू नये, मधे ट्रान्झिस्टर लावावा. ऐकण्याच्या टोकाला फोटोट्रान्झिस्टरचा रोध ग्राउंडच्या बाजूला ठेवला तर उजेडाला ‘उच्च’ मिळते. उलट जोडला तर सगळे बिट उलटे येतात आणि पडद्यावर कचरा दिसतो. हा रोध फार मोठा घेतला तर संवेदनशीलता वाढते, पण घटक मंदावतो आणि बिटांच्या कडा गोल होतात. सुरुवात १२०० बॉडने केलेली बरी. एलडीआर स्वस्त मिळतो म्हणून अनेक जण तोच लावतात. तो बेल यांच्या सेलेनियमचा सर्वात जवळचा भाऊ, पण ९६०० बॉडसाठी फारच संथ आहे.

त्यानंतर लढाई आजूबाजूच्या उजेडाशी. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि तो आवाज सिग्नलमध्ये शिरतो. फोटोट्रान्झिस्टर काळ्या नळीत खोल बसवणे हा सर्वात स्वस्त इलाज. कम्पॅरेटरचा उंबरठा पोटेन्शिओमीटरने जागेवर जुळवावा लागतो, सकाळचा दुपारी चालेलच असे नाही.

आणि नेम. स्वस्त लेझरचा झोत दर मीटरला साधारण एक मिलिमीटर फाकतो. म्हणजे बेल यांच्या २१३ मीटरवर सुमारे २१ सेंटीमीटर, सूर्याच्या दोन मीटरच्या तुलनेत नगण्य. पण फायदा तिथेच तोटाही असतो. स्टँड एक दशांश अंशाने हलला तर तेवढ्या अंतरावर झोत ३७ सेंटीमीटर सरकतो आणि दुवा तुटतो. समोर मोठे भिंग लावून उजेड गोळा करणे हाच उपाय, बेल यांच्या खोलगट आरशाचेही तेच काम होते.

झोतात डोळा कधीही आणू नये, आरसा किंवा काच मधे येणार नाही हे पाहावे, आणि झोत आकाशाकडे जाता कामा नये. विमानतळ परिसरात लेझर सोडण्यावर मुंबई पोलिसांनी वेळोवेळी बंदी आदेश काढले आहेत.

दुवा जुळला की पुढची अडचण समजते. एक लेझर म्हणजे एकतर्फी बोलणे. अक्षर पोहोचले की वाटेत कबुतर आडवे गेले, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. त्यासाठी उलट दिशेने दुसरा लेझर लावून प्रत्येक संदेशाची पोच मागवावी लागते. फ्रँकलिन स्कूलच्या माथ्यावर टेंटर यांचीही हीच पंचाईत होती. ते बोलू शकत होते, ऐकू शकत नव्हते, म्हणून पोच टोपीने आली. दुसऱ्या लेझरचे सामान येईपर्यंत समोरच्या गच्चीवरच्या मित्राने हात हलवला तरी काम भागते.